खेकडेवालीचं नाव

बोदलकसाच्या तलावाचं पाणी भाताच्या ज्या बांध्यांना मिळतं, तिथल्या धुऱ्यांना, म्हणजे मातीच्या बांधांना, भोकं फार. भोकं खेकड्यांची. संध्याकाळी बांधी भरून ठेवावी, तर सकाळी ती कोरडी आणि खालच्या शेजाऱ्याची तुडुंब. मग दोन घरांत अशी जुंपते की भाताचा रोवणा संपला तरी बोलणं सुरू होत नाही. म्हणून आमच्या भागात खेकड्यावर कोणाचं प्रेम नाही. दिसला की फावड्याच्या दांड्यानं ठेचावा, नाहीतर निखाऱ्यावर भाजून खावा. खेकड्याचं याहून वेगळंही काही करता येतं, हे परसराम रहांगडालेच्या ओमेश्वरीनं दाखवलं. ती त्याच्याकडे बघत बसायची.

घराच्या मागं फुटक्या घागरीत तिनं चार खेकडे पाळले होते. एक दिवस त्यातला एक कात टाकू लागला. पाठीचं कवच मागून उघडलं आणि जुन्या खेकड्यातून नवा, मेणासारखा मऊ खेकडा हळूहळू मागे सरकत बाहेर येऊ लागला. पोर श्वास रोखून बसली होती. परसराम आंघोळीचं पाणी घ्यायला आला, त्यानं ते पाहिलं आणि चुलीवरचा उकळत्या पाण्याचा गंज उचलून सगळाच घागरीत ओतला.

"धुरे फोडणाऱ्याले घरात पोसतेस का वं?" एवढंच म्हणाला.

आई तुलसा दारात उभी होती. त्या घरात बायका बोलत नसत. माळव्यातून आलेल्या वाडवडिलांनी जंगल तोडून बांध्या काढल्या, हे परसराम इतक्या वेळा सांगे की त्या बांध्यांत बाईचा हातही लागला असेल, हे कोणाच्या मनात येत नसे.

ओमेश्वरी शिकत गेली, ती शिष्यवृत्तीवर. नागपूरला प्राणिशास्त्र झालं आणि १९९९ साली कोकणातल्या एका खाडीवरच्या संशोधन केंद्रात तिची निवड झाली.

"खेकडे पाहाले समुद्रावर चालली म्हणतेस?" परसराम म्हणाला. "आपल्या धुऱ्यात कमी हायेत का? टोपलंभर घेऊन जाय ना इथूनच."

"तिथले वेगळे हायेत, बाबा."

"खेकडा वेगळा काऊन राहीन? तिथं काय तो सरळ चालते? चारचौघांत मले इचारतीन, पोरगी का करते, तर का सांगू? खेकडेवाली हाये म्हणू?"

तो स्टेशनावर सोडायला आला नाही. खेकडेवाली हे नाव मात्र गावानं ठेवून घेतलं.

जिच्या जिल्ह्यातून समुद्र कोणत्याही दिशेला दिवसभराच्या गाडीशिवाय सापडत नाही, ती पोर कांदळवनाच्या चिखलात मांडीपर्यंत रुतून उभी राहू लागली. तिथला खेकडा ताटाएवढा, नांगी अशी की बोट गेलं तर परत मागू नये. पण कात टाकताना तोही तसाच मऊ, तसाच घाबरलेला. तिनं चार वर्षं तेवढंच पाहिलं. खाडीचं पाणी तापलं की खेकडा कात लवकर टाकतो, पण नवं कवच कडक व्हायला उशीर लागतो, आणि त्या मऊ दिवसांत जो येईल तो त्याला खातो. हे तिनं लिहिलं. २००३ साली तो लेख छापून आला. वर नाव होतं, ओमेश्वरी रहांगडाले.

पुढल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. दवनीवाड्याच्या केशोराव बिसेनांचा मुलगा भुवनेश्वर, शाळेत मास्तर. केशोरावांनी अट घातली की समुद्र सुटला पाहिजे, नोकरी करायची तर गोंदियात. दुसरी अट परसरामनं स्वतःची घातली, तीही कोणाला न विचारता. हळद लागण्याआधी लेकीला तहसिलीत नेलं आणि बापाच्या जमिनीवरचं तिचं हक्कसोड लिहून घेतलं. सगळं भाऊ गुड्डूच्या नावे.

"लेक दुसऱ्या कुळाची होते," तो म्हणाला. "आता आमचं-तुमचं देवापाशीबी येगळं."

आणि खरंच, पहिल्या सणाला ती माहेरी गेली तेव्हा देवघरातला प्रसाद सगळ्यांना मिळाला, तिला नाही. परसरामनं ताट तिच्यासमोरून पुढं सरकवलं. "हा आमच्या कुळाचा. तू आता बिसेनाची."

दवनीवाड्याला तिच्या रेशनकार्डापासून कॉलेजच्या हजेरीपर्यंत सगळीकडे बिसेन झालं. गोंदियाच्या कॉलेजात ती शिकवू लागली, सुट्टीत बोदलकसाचे खेकडे पाहू लागली. त्यावरही तिनं लेख लिहिले, ओमेश्वरी बिसेन या नावानं. ते कोणी वाचले असतील, नसतील. सासू धुरपताबाई तिच्या हाताला चिखलाचा वास येतो म्हणून तिला पिण्याच्या पाण्याच्या गुंडाला हात लावू देत नसे. घरात मुलगी झाली, तिच्या बारशालाही धुरपताबाई म्हणाली, "आडवी चालू नोको माय, मायसारखी."

पण तिकडे, तिच्या पाठीमागे, तो जुना लेख चालत राहिला होता. संशोधनाच्या दुनियेत एक रीत आहे. दुसऱ्यानं बांधलेल्या धुऱ्यावरून चालत पुढं जायचं, तर तो धुरा कोणी बांधला त्याचं नाव घ्यायचं. न घेता गेला तो चोर. समुद्र तापू लागला तशी देशोदेशीची माणसं मऊ खेकड्याकडे वळली, आणि प्रत्येकाला वाटेत रहांगडालेचं नाव घ्यावं लागलं.

२०१२ च्या उन्हाळ्यात गोंदियाच्या एका हिंदी पेपरात बातमी आली, 'गोंदिया की बेटी रहांगडाले का दुनिया में नाम'. सोबत फोटो परसरामचा. फेटा बांधलेला. म्हणे मीच पोरीला समुद्रावर पाठवलं.

केशोरावांनी तो पेपर पानाच्या डब्याखाली दाबून ठेवला आणि सून कॉलेजातून येईपर्यंत ओसरीवरून हलले नाहीत.

"किती जणांनी नाव घेतलं म्हणे?"

"चारशेच्या वर, मामाजी."

"कोणाचं?"

"माह्यं."

"तुह्यं नाही. रहांगडालेचं!" त्यांनी पेपर भिरकावला. "आठ वर्षं भात आमचा खाऊन राहिली, अन् दुनियाभर डंका इवायाचा, तुह्या बापाचा, वाजून राहिला. या नावाचा फेरफार करून घे."

"फेरफार?"

"का बाप्पा, तलाठ्याकडे होते का नाही? बाई लग्न होऊन आली, नाव बदललं, अर्ज दिला, झालं. त्या पुस्तकवाल्याले लिही, रहांगडाले खोडा अन् बिसेन मांडा. त्याले काही चहापाणी लागत असन तर मी देतो."

ओमेश्वरीला हसू आलं, आणि ते दिसलं. तिथंच बिघडलं.

"हे जमिनीसारखं नसते, मामाजी. छापलं ते छापलं. चारशे जणांच्या लेखात ते नाव गेलं आहे, ते कोण-कोण खोडीन?"

"मंग नवीन लेखावर रहांगडाले दिसलं, तर या घराचं दार तुले बंद. सांगून ठेवतो."

हीच तर अडचण होती. नवा लेख तिच्या टेबलावर तयार होता. खाडीतला खेकडा आणि बोदलकसातला खेकडा, तापत्या पाण्यात दोघांचं काय होतं, त्याचा. त्या जुन्या केंद्रानं तिला पुन्हा खाडीवर बोलावलं होतं, पण बोलावणं रहांगडालेला होतं. बिसेन नावानं लेख गेला असता तर ती खाडीच्या लोकांसाठी कोणीतरी नवी बाई झाली असती, जिचं नाव कधी कोणी घेतलं नाही. समुद्राचं दार दुसऱ्यांदा बंद झालं असतं, आणि या वेळी तिच्याच हातानं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भुवनेश्वर वह्या तपासत होता.

"तू तरी बोल," ती म्हणाली.

"बाबूजीचं मन राख ना. नावात का हाये?"

"काही नाही, तर तू लाव रहांगडाले."

भुवनेश्वरनं वही मिटली आणि तो आत निघून गेला.

दिवाळीनंतर समाजाच्या मेळाव्यात परसरामचा सत्कार ठरला. गुणवंत कन्येचा पिता. ओमेश्वरीलाही बोलावलं होतं, दोन शब्द बोलायला. मंडपात एका बाजूला परसराम शाल पांघरून बसला होता, दुसऱ्या बाजूला पहिल्या रांगेत केशोराव, सून काय बोलते ते ऐकायला आलेले. दोघे व्याही एकमेकांकडे असे पाहत होते जसे एकाच धुऱ्याचे दोन मालक.

परसराम माईकवर म्हणाला, "पोरीले लहानपणापासून खेकड्यायचा नाद. म्या म्हटलं, जाय पोरी, समुद्र पाहून ये."

टाळ्या पडल्या. मग ओमेश्वरी उठली.

"माह्या बाबांनी माह्या खेकड्यायवर उकळतं पाणी ओतलं होतं," ती म्हणाली. "कात टाकत होता तो. मी कोकणात गेली तेव्हा हे स्टेशनावर आले नाहीत. लग्नाआधी मी याहिले जमिनीचं हक्कसोड लिहून दिलं. पहिल्या सणाले प्रसादाचं ताट माह्यासमोरून सरकवलं, तू आमची नाही म्हणून. बरोबर हाये. मी यांची नाही. पण मंग माह्या नावाची शाल यांच्या खांद्यावर कायले?"

केशोरावांच्या मिशीखाली हसू फुटलं. ते तिनं पाहिलं.

"अन् मामाजी, तुम्ही हसू नोका. तुम्हाले फेरफार पाहिजे. जमीन बापानं घेतली, राबणं तुम्ही घेतलं. हे नाव चिखलात उभं राहून म्या एकटीनं कमावलं. हे रहांगडाले बाबांचं नाही, माह्यं हाये. याचं हक्कसोड मी कोणालेच दिलं नाही, अन् देत बी नाही."

"बेशरम!" कोणीतरी मागून ओरडलं. परसरामनं शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि लेकीकडे न पाहता मंडपाबाहेर गेला. त्यानंतर त्यानं तिच्याशी बोलणं ठेवलं नाही. केशोरावांनी त्याच संध्याकाळी तिचे कपडे आणि पुस्तकं ओसरीवर आणून ठेवली. भुवनेश्वरनं ते सामान ऑटोत चढवायला हात लावला. तेवढाच त्याचा हात.

ती मुलीला घेऊन फुलचूरला दोन खोल्यांत राहू लागली. नवा लेख रहांगडाले नावानं गेला आणि छापूनही आला. उन्हाळ्यात ती खाडीवर जाऊन आली. मुलीनं समुद्र पाहिला.

पुढल्या पौषात, चुरणा म्हणजे भाताची मळणी संपल्यावर, एक दिवस दुपारी धुरपताबाई फुलचूरच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी नाही, काही नाही.

"या ना, आत्याबाई," ओमेश्वरी म्हणाली.

"येत नाही. तुह्या घरचं पाणीबी पेणार नाही." ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "आमचं तोंड काळं केलंस. तुह्या नवऱ्याले शाळेत पोरं हसतेत."

"तेच सांगाले आल्या का?"

धुरपताबाईनं पदर पुढं ओढला.

"ते नाव घेणं कसं असते वं? चारशे जण का करतेत? मोठ्यानं घेतेत?"

"लिहितेत. हे आधी अमक्या बाईनं सांगितलं, असं. पुढं जो कोणी वाचते, त्याले माहीत होते."

"मेल्यावर बी?"

"मेल्यावर बी."

धुरपताबाई सून होऊन दवनीवाड्याला आली तेव्हा तिला 'बिसेनाची बहू' म्हणत. मग भुवनेश्वरची माय म्हणू लागले. नवरा 'ऐकलं का' म्हणतो. मतदानाच्या दिवशी शाळेत मास्तर यादीतून धुरपताबाई वाचतो, तेव्हा ती दचकून हात वर करते.

"तरीबी तू चांगली नाहीस," ती शेवटी म्हणाली.

"असू द्या."

"आडवीच चाललीस."

"हो."

धुरपताबाई पायऱ्या उतरली. फाटकापाशी थांबून, मागे न वळता, तिनं विचारलं, "माह्यं नाव माहीत हाये का तुले?"

"धुरपता," ओमेश्वरी म्हणाली.

सासूनं मान हलवली की नाही, ते पदरामुळं दिसलं नाही. ती फाटक उघडं टाकूनच गेली.