बर्फावरचा पाऊस

नाहूरच्या सावंतमामांमुळे मी आज आहे. ओल्या स्वेटरचा वास आला की अजून मनालीची ती सकाळ आठवते.

चाळीसेक वर्षांपूर्वी, आठवीत शाळा सोडून, मी त्यांच्याबरोबर वेल्डिंगच्या कामाला मनालीच्या वर गेलो होतो. एका सकाळी बर्फावर पाऊस पडायला लागला. मला हायसं वाटलं. पावसाला मुंबईकर काय घाबरणार? आईला लिहिलेलं पत्र टाकायला उताराखालच्या वाटेने निघालो, तर मामांनी कॉलर धरली.

"खंय चाललंस? ह्यो मुलुंडचो पाऊस न्हय. बर्फात पाणी मुरला काय अख्खो उतार खाली येता."

"मामा, पत्र टाकून लगेच येतो ना."

"उद्या टाक."

मी रुसून बसलो. चहा उकळेपर्यंत ती वाट बर्फाखाली गेली होती.

आता मामांना जिना चढवत नाही. त्यांच्या जिन्याला एक दिवस मी स्वतःच्या हाताने कठडा करून देणार आहे.