फांदी रोवायला थांबलेला माणूस

या परक्या मुलखात मला रमणदादांनी सांभाळलं. हे आधी लिहिते, बाकीचं मग. कारण दादांबद्दल जे काही कागदावर लिहिलं गेलंय त्यात हे एक वाक्य कुठेच नाही, आणि तो कागद माझ्याच तोंडून उतरलेला आहे.

दादा जाऊन सात आठवडे झाले. गणपती उठून गेले होते, पाऊस थांबत-थांबत पडत होता. सकाळी साडेसातच्या सुमाराला, तलासरीहून अच्छाडकडे जाणाऱ्या हायवेवर, एका टेम्पोवाल्याने खड्डा चुकवायला म्हणून गाडी डावीकडे घेतली. डावीकडे दादा उभे होते. मी दोनशे पावलं पुढे होते.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, नंतर संसारही सुटला, आणि गावातल्या एका ओळखीच्या बाईमागे इकडे प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आले. आले तेव्हा कंपनीची बस होती. चार महिन्यांत ती बंद झाली. ‘ज्याने-त्याने आपापलं बघावं’, एवढंच ठेकेदार म्हणाला. रिक्षा रोज परवडायची नाही. मी जुनी सायकल घेतली खरी, पण पहिल्याच दिवशी हायवेला लागले आणि मागून ट्रकचा हॉर्न आला तशी सायकल टाकून गवतात जाऊन बसले. तिथेच दादा भेटले. माझ्याच कारखान्यात मशीनवर होते, वयाने पन्नाशीच्या पुढचे, हायवेपासून आत असलेल्या पाड्यावर राहायचे. सायकलवरून न उतरता एक पाय टेकून म्हणाले, “बाय, गवतात साप हाय. रस्त्यावर निदान ट्रक दिसतं तरी.”

त्या दिवसापासून तीन वर्षं मी पुढे आणि दादा मागे. मागे का, ते मला फार उशिरा कळलं. पाठीमागून येणारी गाडी आधी त्यांना गाठेल म्हणून. त्यांनी मला रस्ता शिकवला. ढाब्यातून बाहेर पडणारा ट्रकवाला कधीच डावीकडे बघत नाही. पांढऱ्या पट्टीवर पावसात चाक घसरतं. रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा वाईट, कारण तो उड्या मारतो. मी आपली घाबरट. आठ वाजून दहा मिनिटांनी गेट बंद होतं, नंतर अर्धा दिवस जातो, म्हणून मी सव्वासहालाच पाड्याच्या फाट्यावर येऊन उभी राहायची. दादा हसायचे. “कोंबडा तुला विचारून आरवतो का गं?” घरून माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणायचे, सोबत वरोरच्या बाजारातली सुकट. सुरुवातीला त्या वासाने मी तोंड फिरवायची. “हिंगोलीवाली उपाशी मरंल पण सुकट नाय खाणार,” म्हणायचे. आता मीच ती आणते.

आणि फांद्या. पावसात रस्त्याला खड्डे पडतात, खड्ड्यात पाणी साचतं, वरून सगळं सपाट दिसतं. सायकलवाल्याचं पुढचं चाक त्यात गेलं की माणूस थेट ट्रकच्या पुढ्यात. दादा असा नवा खड्डा दिसला की उतरायचे, सायकल स्टँडवर लावायचे, कडेची निरगुडीची, नाहीतर जे हाताला लागेल त्या झाडाची फांदी तोडायचे आणि खड्ड्यात रोवून दोन दगड टेकवायचे. दोन मिनिटांचं काम. मागून कामाला येणाऱ्या पाच-पन्नास सायकलींना ती फांदी लांबून दिसायची. वाटेतला चहावाला गुजराती, तो रोज टोमणा मारायचा, “रमणभाई, आजे केटलां झाड वाव्यां?” किती झाडं लावलीत आज. दादा म्हणायचे, “दोन. मोठी झाली की तुझ्या टपरीला सावली देतील.” मी एकदा चिडून म्हटलं होतं, तुमचा काय ठेका आहे का दादा. तर मलाच विचारलं, “तुमच्या गावी खड्डे नाय का?” मी म्हटलं, रस्ताच नाही. त्यावर सायकल हातात धरून कितीतरी वेळ हसत राहिले...

त्या सकाळी खड्डा नवा होता. मी म्हटलं, दादा, आज राहू द्या, आठ होतील. “तू हो पुढं. मी आलोच.” मी पुढे झाले. पुढचं मी लिहीत नाही.

आठ दिवसांनी कंपनीच्या साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. समोर खुर्ची दिली, पाणी दिलं. “ताई, तुम्हीच होता ना सोबत? काय झालं ते सांगा, मी लिहितो.” मला वाटलं, दादांबद्दल विचारतायत. मोठ्या माणसाला दादा कसे होते ते कळू दे. मी भरभरून सांगितलं. साहेब, तो माणूस सायकल स्टँडवर लावून स्वतःहून उतरला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीचं काम नव्हतं, पगार मिळत नव्हता, तरी मनाने करायचे. उशीर होत होता तरी थांबले. साहेबाने सगळं लिहिलं. मी शब्द न् शब्द वाचला, सगळे माझेच होते. मला बरं वाटलं. मी सही केली.

कामाला जाता-येता अपघातात माणूस गेला तर विम्याच्या ऑफिसकडून घरच्यांना महिन्याचं पेन्शन मिळतं. दादांच्या बायकोला, जानकीवहिनींना, त्यांनी नकाराचं पत्र पाठवलं. वहिनींना वाचता येत नाही, त्या पत्र घेऊन माझ्या खोलीवर आल्या. मी मोठ्याने वाचत गेले. मयत हा अपघातसमयी कामावर जात नव्हता. सायकल उभी करून, कोणाच्याही सांगण्यावाचून, स्वेच्छेने, कंपनीशी संबंध नसलेल्या कामासाठी रस्त्यावर थांबला होता. सोबतच्या कामगाराचा जबाब जोडला आहे.

वहिनी म्हणाल्या, “हे तू सांगितलंस?”

“हो.”

“खोटं हाय?”

“नाही वहिनी. खरं आहे.”

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, “मग खरं सांगून असं कसं झालं?”

 त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जो जाळ पेटलाय तो विझत नाही. बस कुणी बंद केली, ते कागदात नाही. खड्डा कुणी ठेवला, नाही. सायकलवाल्याने चालायचं कुठून, त्याला रस्त्यात हातभर जागा का नाही, तेही नाही. टेम्पोवाल्याला दोन ओळी. आणि खड्ड्यात फांदी रोवणाऱ्यावर मात्र अख्खं पान. कारखान्यातली माणसंही म्हणतात, कशाला थांबला? अरे, तुम्ही तीन वर्षं त्या फांद्या बघून चाक वळवलंत. तुमच्यातला एकजण तरी त्या खड्ड्यात मेला का? मग विचारता कशाला. आणि राग माझा माझ्यावरही आहे. एवढं कौतुक सांगितलं, पण दादा कामाला निघाले होते हे साधं वाक्य मी बोलले नाही. मला वाटलं, ते तर सगळ्यांना माहीतच आहे.

गेल्या सोमवारी वहिनींसोबत पालघरला विम्याच्या ऑफिसात गेले. एक दिवस खाडा केला. ठेकेदार आदल्या दिवशी म्हणाला होता, “तुमच्यासारख्या गेटवर रोज चार येतात, ताई.” एस.टी.त पूर्ण वेळ काय बोलायचं ते घोकत होते. तिथले साहेब फाइल बघून म्हणाले, “आधी एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय.”

मी म्हटलं, “दुसरं नाही साहेब. आधी माणूस कसा होता ते सांगितलं. आता कुठे चालला होता ते सांगते. सायकलचं तोंड कारखान्याकडे होतं. हँडलला डबा होता, गळ्यात कंपनीचं कार्ड होतं.”

“पण थांबले होते ना?”

“पंक्चर झाली की थांबतो, चेन पडली की थांबतो, तसे थांबले. खड्डा वाटेतच होता साहेब, वाटेबाहेर नव्हता.”

त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. या वेळी मी सही करण्याआधी विचारलं, हा कागद कुठे जाणार, कशाला लागणार. साहेबांनी सांगितलं, रागावले नाहीत. निकाल अजून यायचाय. पुन्हा बोलावतील म्हणाले, कदाचित दोन-तीनदा.

मी अजून त्याच रस्त्याने जाते. आता मागे कुणी नसतं, त्यामुळे मान सारखी वळते. तो खड्डा तसाच आहे, पाणी आटलं म्हणून दिसतो एवढंच. तिथे उतरून फांदी रोवायची हिंमत माझ्यात नाही, दादा, खोटं कशाला बोलू. पण ऑफिसात उभं राहायची आली आहे. वहिनींना पेन्शन लागू होईपर्यंत बोलावतील तितक्या वेळा जाईन, नोकरी राहिली तरी आणि गेली तरी. तीन वर्षं तुम्ही माझ्या मागे राहिलात. आता एवढ्यापुरती मी वहिनींच्या मागे राहीन.