आमच्यात कोणी गात नाही

ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी पाटीला हात लावला नाही, त्याने गाण्यावर लिहावे हे धाडसच. मला रागांची नावेही ओळखू येत नाहीत. तरी हे मनातून जात नाही, म्हणून लिहितो. जाणत्यांनी क्षमा करावी.

कॉलेजात गेल्यावर पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत मी रेवसच्या बोटीने घरी आलो. आमच्या मिठागरांपलीकडे मिशनचा दवाखाना होता. तिथल्या स्कॉच नर्सला गाव मडम म्हणे. मी तिला मराठी शिकवायचे आणि तिने माझे इंग्रजी उच्चार सुधारायचे, असे ठरले.

"मडमला अक्षरं शिकवतंस, तर जरा भात कांडायलाबी शिकव," आई म्हणाली.

एका दुपारी धडा संपल्यावर मडमने तिच्या बेटावरचे गाणे म्हटले. भाषा इंग्रजी नव्हती, त्यांची जुनी होती. पेटी नाही, ठेका नाही. हात मांडीवर, नजर भिंतीवर. आवाज कुठे कापरा केला नाही. फक्त शेवटच्या कडव्यात एका शब्दाआधी ती किंचित थांबली, आणि माझ्या अंगावर काटा आला. अर्थ तिने नंतर सांगितला. एक बाई समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते. किनाऱ्याला आधी वल्हे लागते, मग होडी, मग तिने विणलेला सदरा. कडवे तेच, वस्तू तेवढी बदलते. ती थांबली होती सदऱ्यापाशी.

ही रीत मला ठाऊक होती. आमच्याकडे धवले म्हणणाऱ्या धवलारणीवाचून हळद लागत नाही, आणि आमच्या गावची धवलारीण माझी आई. तीही अशीच खाली बघत, तेच कडवे एकेक नाव बदलून म्हणते. लहानपणी कितीतरी हळदींत तिच्या पाठीला टेकून मी ते ऐकले होते.

"आपल्या मातोश्री गातात काय?" मडमने विचारले. हे पुस्तकी मराठी मीच शिकवलेले.

वसतिगृहात माझ्या बोलण्याला हसत. घरचे काही बाहेर काढायचे नाही, अशी मला सवय लागली होती.

"नाही. आमच्यात कोणी गात नाही."

"मला खेद वाटतो," ती म्हणाली.

सुट्टीभर ती गात राहिली आणि मी ऐकत राहिलो. रोज वाटे, आज सांगू. सांगितले नाही. मुंबईला परतल्यावर मात्र ठरवले, उन्हाळ्यात आईलाच दवाखान्यात घेऊन जायचे.

फाल्गुनात आईचे पत्र आले, गुरुजींकडून लिहवून घेतलेले. मडम कायमची विलायतेला गेली होती. त्याआधी ती शेजारच्या हळदीला आली आणि धवले संपेपर्यंत जमिनीवर बसून राहिली. मग तिनेही एक गाणे म्हटले. बायांना शब्द कळले नाहीत, पण कोणी उठले नाही.

पुढे गुरुजींनी आईचे बोलणे जसेच्या तसे उतरवले होते: "मी तुझी आय हे कळल्यावर ती म्हनाली, तुमचा मुलगा तर सांगत होता, आमच्यात कोनी गात न्हाय. मी म्हटलं, शाळेपायी पोराला हळदीला बसायला कधी सवड मिळाली. त्याला काय ठावं."