अण्णा पाणी गाळून प्यायचा

लग्न होऊन मी बेळगावहून निपाणीजवळच्या खेड्यात आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली एकोणीस पुस्तकं होती. सगळी एकाच गुप्तहेराची. माझे वडील एका वकिलांकडे कारकून होते. नवं पुस्तक आलं की आधी ते वाचायचे, मग मी. सातवी पास झालेली मुलगी शेतकऱ्याच्या घरात दिली म्हणून आई रडली होती. वडिलांनी गुपचूप पुस्तकं ट्रंकेत भरली.

माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, ती तिसऱ्याच दिवशी सापडली. त्यांना वाचता येत नव्हतं आणि छापलेल्या कागदावर त्यांचा भरवसाही नव्हता. आम्ही जैन, त्यात हे घर भलतंच कडक. त्यांनी निकाल दिला की वाचायचं तर दुपारी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आणि त्यात काही वंगाळ निघालं तर सगळी पुस्तकं न्हाणीच्या चुलीत. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? त्या घरात माझं असं तेवढंच होतं, आणि ते गेलं तर दोन-चार वर्षांत मी अक्षरंसुद्धा विसरून जाईन, अशी मला खरोखर भीती वाटायची.

दुपारी बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला शेजारच्या बायका यायच्या. मी वाचायचे, आणि ज्यांना पुस्तकी मराठी जड जाई त्यांना मध्येमध्ये कानडीत सांगायचे. पहिल्याच पुस्तकात गुप्तहेर धापा टाकत स्टेशनात येतो आणि नळाला तोंड लावून पाणी पितो. आत्याबाईंचा हात थांबला. त्याने पाणी गाळून घेतलं की नाही, असं त्यांनी विचारलं. पुस्तकावरची नजर न हलवता मी सांगितलं की त्याने खिशातून स्वच्छ फडकं काढलं, पाणी गाळलं आणि मगच तो प्यायला. शेंगा पुन्हा फुटायला लागल्या.

तिथून मी बिघडले ती बिघडलेच. पुस्तकातला गुप्तहेर रात्री-अपरात्री हॉटेलात मटण खायचा, माझा भाकरी आणि मुगाची आमटी खायचा. कांदा-लसूण मी त्याच्या आसपास फिरकू दिला नाही. चोर डोळ्यांसमोरून पळत असला तरी दिवेलागणीआधी त्याला दोन घास खाऊ घातल्याशिवाय मी पुढे जात नसे. विडी मात्र मनसोक्त ओढू दिली. तंबाखूच्या पिकावर चालणाऱ्या घरात विडीला कोण नावं ठेवणार? पुस्तकात त्याचं नाव मोठं भारदस्त होतं. आमच्या सोप्यात तो नुसता अण्णा झाला.

अण्णा मूळचा कुठला, यावरून जुंपायची. छापलेला अण्णा मुंबईचा, पण ते कुणालाच पटत नव्हतं. कानडी बोलणारी शेजारीण म्हणायची, एवढं डोकं धारवाडकडच्या माणसालाच असणार. दुसरी पुस्तकावरचं चित्र दाखवून म्हणायची, फेटा कोल्हापुरी बांधलाय, अजून काय पुरावा पाहिजे? आत्याबाई दोघींकडे ढुंकूनही न बघता सांगायच्या की असल्या नाकाची माणसं त्यांनी चिकोडीकडे पाहिली आहेत. पण गोरा पोलीस साहेब टोपी काढून अण्णापुढे उभा राहतो, तो भाग आला की सगळ्यांचं एकमत. तो मला दोन-दोनदा वाचायला लावत. स्वराज्याला अजून पुष्कळ अवकाश होता. घरातले पुरुष सभांना जायचे, बायकांना कुणी विचारत नव्हतं. साहेबाची टोपी उतरलेली त्यांनी पाहिली ती आमच्या सोप्यात बसून. मला अजूनही वाटतं, अण्णा खराखुरा माणूस असता तर सगळ्यांचा इतका झाला नसता. खऱ्या माणसाला एकच गाव असतं, एकच भाषा असते, जातही असते.

एका उन्हाळ्यात धाकटे दीर बेळगावच्या कॉलेजातून सुट्टीला आले. माझा घसा बसलेला पाहून ते म्हणाले, वहिनी, आज मी वाचतो. नको म्हणायला मला कारण सापडेना. ते नाटकात शोभेल असं वाचायचे, बायका खूश. आणि मग ते पान आलं. चोर सापडतो, साहेब गुप्तहेराला रात्री बंगल्यावर जेवायला बोलावतो, टेबलावर मटण येतं, ब्रँडी येते आणि गुप्तहेर दोन्हीवर ताव मारतो.

सोप्यात कुणी शेंग फोडेना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं. पुस्तकं तर जातीलच, पण इतके दिवस यांच्याशी खोटं बोलणारी सून म्हणून मी जन्मभर या घरात राहणार. आत्याबाई उठल्या आणि त्यांनी दिरांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"ह्यो आमचा न्हाय," त्या म्हणाल्या.

दीर हसायला लागले. "आई, छापलंय तेच वाचतोय मी."

"छापणाऱ्याला काय म्हायती? त्यो काय आमच्यात बसलाय व्हय?"

मला वाटलं, आता न्हाणीकडे जातील. त्या माझ्याजवळ आल्या आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं, ते मी पुढेही कधी विचारलं नाही. त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या, सूप पुढे ओढलं आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे बघून मला म्हणाल्या, "वाच गं तू. दिवस बुडायच्या आत जेवू घाल त्याला."

मी पुस्तक उघडलं. डोळे भरून आल्यामुळे एक अक्षर दिसत नव्हतं, पण अक्षरांची गरजही नव्हती.