दगडावरचं शेवाळ

जळगावात कॉलेजला जाताना एका खिडकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी दिसायची. तिथले आबा मला अनोळखी असूनही थांबवायचे आणि त्यांचा बोटाएवढा ब्लेनी मासा दाखवायचे. तो दगडावर बसून तिथलंच शेवाळ खरवडून खायचा.

"जावई शे आपला. बसून खातो," आबा म्हणायचे.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी टाकीतले दगडही ब्रशने घासले. नंतर टाकलेल्या खाद्याच्या गोळ्यांना मासा तोंड लावेना. त्याचं पोट खपाटीला गेलं आणि एका सकाळी दगड रिकामा दिसला.

"सणाला मी त्याचं भरलेलं ताटच धुऊन टाकलं, भाऊ," आबा म्हणाले.

आता ते दगड पुन्हा हिरवे झालेत. आबा फक्त काच पुसतात.