ग्रॅममामांचा डबा

कोथिंबिरीची काडीसुद्धा वजनकाट्यावर ठेवणारा स्वयंपाकी मी जन्मात एकच पाहिला. आखातात, अझैब्यात राहायचो तेव्हा आमच्या इमारतीखाली मेस होती. तिथे शंभर माणसांचं जेवण नुसत्या अंदाजाने रांधणारे कणकवलीचे सावंतमामा सकाळी आमच्या ओट्याशी उभे राहिले की पार सोनार व्हायचे. माझ्या सात वर्षांच्या ईराने त्यांचं नावच ग्रॅममामा ठेवलं.

ईराला फिट्स यायच्या. औषधं बदलून झाली, तरी थांबेनात. मग डॉक्टरांनी किटोजेनिक आहार सुरू केला. लोणी, साय, तेल भरपूर. भात, पोळी, साखर बंद. तेही सगळं आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलेल्या वजनात. मी नोकरी करणारी, त्यात धांदरट! आठवड्यात हात टेकले. हे कळताच मामा मेसमधून वर आले, म्हणाले, "ताई, ह्यां जेवाण न्हय, औषद आसा. माका कागद दाखवा." डब्याला लागलेलं तेलसुद्धा ते ईराला चमच्याने निपटून खायला लावायचे. "तां पन मोजलेला आसा गो!"

चार महिने एकही फिट नाही. मी हवेत! आणि जवळच्याच सीब गावात एका सत्यनारायणाला मी माती खाल्ली. यजमानीणबाई म्हणाल्या, "अहो, प्रसादाला नाही म्हणतात का?" भिडेपोटी मी ईराच्या हातावर शिरा ठेवू दिला, एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत फिट आली. शिऱ्यामुळेच आली असं डॉक्टरही ठामपणे म्हणेनात, पण माझं मन मला खात राहिलं. मामांना सांगताना मी रडले. वाटलं, आता ओरडतील. ते ओटा पुसत राहिले.

त्या वर्षी आमच्या गणपतीचे मोदक त्यांनीच केले. आहारतज्ज्ञ बाईंना विचारून खोबरं, बदाम आणि साय साच्यात दाबली. गुळाचा कण नाही. मी म्हटलं, "मामा, पाहुण्यांसाठी तरी गोड करा हो!"

"येकट्या पोरीक येगळो दिलो तर तो परसाद कसलो? आज बाप्पाक पन ह्योच."

वीस पाहुण्यांनी तोंडं वाकडी करत ते बेचव मोदक गिळले. ईरा मात्र पंगतीत बसून ओरडली, "मम्मी, सगळ्यांना सेम!" मी तिथेच मामांच्या पाया पडले.

दीड वर्षाने मामांचा व्हिसा खलास झाला. जाण्याआधी आठवडाभर त्यांनी माझी शिकवणी घेतली, तीही चांगली कान उपटून.

ईराला पुन्हा फिट आली नाही. मामा गेल्यावर काही महिन्यांनी डॉक्टरांनी तिचा आहार हळूहळू सोडवला. ज्या दिवशी तिने वरणभात खाल्ला, त्याच दिवशी मी कणकवलीला फोन लावला. बातमी ऐकताच मामांनी मामींना हाक मारली. मामींनी फोन घेतला.

"ताई, पोरगी भात खाईपर्यंत ह्येंनी भात सोडलेलो. घराक येवन सा म्हयने झाले, पेजेक सुद्धा हात लावक नाय. आता वाढू मां?"

माझ्याच स्वयंपाकघरात वावरणाऱ्या माणसाचा हा नवस मला कधी कळला नव्हता.

"वाढा मामी," मी म्हटलं, "पोटभर वाढा."