मागची जागा

डिंडोलीच्या नाक्यावर स्कूटरला क्रेट बसवून देणारा एक मिस्त्री आहे. दोन बोल्ट कायम ओठांत धरलेले, बोलणं त्यांच्या फटीतून. एका जागी उभा राहील तर शपथ. टेपला हात लावत नाही, वितीने मोजतो आणि प्रत्येकाला आधी एकच विचारतो, "मांगे कोन बसस?" बसणारं माणूस सोबत असलं तर त्याला सीटवर बसवतो आणि त्याच्या पाठीमागे क्रेटची खूण करतो.

मी साड्यांची पार्सलं पोचवतो. क्रेट बसवायला गेलो तेव्हा बायको भांडून माहेरी, अमळनेरला गेली त्याला महिना झाला होता. "कोणीच नाही," मी म्हणालो. "क्रेट पार पुढे, माझ्या पाठीला लागून घ्या."

त्याने स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारल्या. सीटला बायकोने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. त्यावर त्याने एक वीत ठेवली, दुसरी ठेवली आणि क्रेट पार मागे, कॅरिअरवर आवळला. गाडी गदागदा हलवली, सीटवर थाप मारली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हापासून क्रेट भरला की पुढचं चाक हलकं पडतं, हँडल थरथरतं. परवा चिडून परत गेलो. "पुढे घ्या हा. सांगितलं होतं ना, मागे कोणी बसत नाही!"

त्याने ओठांतले बोल्ट काढले. पहिल्यांदाच तो स्वस्थ उभा राहिलेला पाहिला. पाना माझ्या हातात देत म्हणाला, "तूच सरकाई ले."

मी एक नट अर्धा फिरवला. मग पुन्हा घट्ट केला.